मुक्कामाची नियत

वर्षानुवर्षं परदेशात राहायचं, पण कुठल्याच गावचं व्हायचं नाही. थोडं काम करायचं, स्वस्तात जेवायचं, स्वस्तात झोपायचं आणि व्हिसा संपत आला की पुढचा देश धरायचा. हे जगणं धर्माच्या कोणत्या खात्यात मांडायचं? जगणं माझंच आहे, म्हणून विचारतो. आमच्या बाळापुरात असे शब्द कुणी वापरत नाही. मी सुट्टीला आलो की मोठे बाबा सरळ विचारतात, ‘‘तिथी खातोस काय, रायतोस कुठी, अन् पैसा कोन देते?’’

मी सांगतो. लॅपटॉपवर मराठी मजकूर तपासायचं काम मिळतं, त्यात पोटापुरतं सुटतं. कुठं एखाद्या गेस्ट हाऊसवर रात्रीचा गल्ला सांभाळला की खाट फुकट मिळते. एका खोलीत आठ-दहा खाटा, एकावर एक, रेल्वेच्या बर्थसारख्या. मोठे बाबा ऐकून घेतात आणि निकाल देतात, ‘‘म्हंजे बैरागीच झालास की. फक्त जटा नाईत.’’

हा निकाल मला फार दिवस पुरला. भटकण्याला वऱ्हाडात मान आहे. चक्रधरस्वामी भडोचहून निघाले ते रिद्धपूरला, आमच्याच मुलखात, गोविंदप्रभूंपाशी आले. पुढं त्यांच्या पंथाच्या लोकांनी मराठी पोथ्या पार पंजाब-पेशावरपर्यंत नेल्या. शेगावला १८७८ साली गजानन महाराज दिसले, तेही कुठून आले हे कुणी विचारून उपयोग झाला नाही. ज्याचा पत्ता नाही त्याच्या पाया पडायची आमची रीत आहे. मग मी स्वतःला त्याच माळेतला एक लहानसा मणी समजलो, तर त्यात नवल काय?

पण बाळापुरात याला घरचाच दाखला आहे आणि तो माझ्या बाजूचा नाही. दासगणूंच्या ‘गजानन विजय’ पोथीत बाळकृष्ण रामदासी आणि त्यांच्या पत्नी पुतळाबाई यांची कथा येते. हे बाळापूरचं जोडपं. दरसाल पायी सज्जनगडावर जायचं, वाटेत भिक्षा मागायची, माघ वद्य नवमीला समर्थांच्या पुण्यतिथीला गडावर हजर व्हायचं. बाळापूर ते सातारा हे अंतर आज एसटीनं गेलं तरी पाठ धरते. मग वय झालं, पाय चालेनात, आणि गडावर बसून बाळकृष्णबुवांना रडू आलं. पोथी सांगते की समर्थांनी स्वप्नात येऊन त्यांना घरी पाठवलं: आता तू येऊ नकोस, नवमीला मीच बाळापूरला येईन. आणि नवमीला दारात उभे राहिले ते गजानन महाराज.

ही कथा लहानपणापासून पारायणात ऐकलेली. तेव्हा लक्ष चमत्काराकडं असायचं. आता मला त्यात हिशेब दिसतो. बुवांची वाट ठरलेली होती, तिथी ठरलेली होती, परतणं ठरलेलं होतं. भिक्षा मागितली ती वाटेपुरती. आणि चालणं थांबलं तेव्हा देवानं त्यांना आणखी एखादी यात्रा दिली नाही, घर दिलं. माझ्या जगण्यात यातलं काय होतं? ना तिथी, ना गड.

प्रश्नाला खरं टोक आणलं ते किल्ल्याच्या उताराला शिलाईचं दुकान असलेल्या चाचांनी. बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मध्ये उंचवट्यावर बसलेला आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं तो सुरू केला आणि एलिचपूरच्या इस्माईलखान नवाबानं १७५७ मध्ये पुरा केला. पायथ्याला बाळादेवी, जवळच मशिदी, गावात नक्शबंदी सूफी परंपरेची जुनी खानकाह, आणि नदीकाठी मिर्झाराजा जयसिंगाची म्हणून ओळखली जाणारी छत्री. या सगळ्यांच्या मध्ये चाचांचं मशीन खडखडत असतं. त्यांचा पुतण्या आखातात असतो. त्याचं माझं वय सारखं, गल्ली एक, शाळाही एक. तो दहावीला बसला नाही, त्यामुळं त्याच्या पासपोर्टावर ईसीआरचा शिक्का. म्हणजे आखातासारख्या देशांत नोकरीला जायचं तर सरकारची वेगळी परवानगी लागते. मी पदवीधर, मला शिक्का नाही. दोघंही बाहेरदेशी राहून कमावतो आणि दोघंही दहाजणांच्या खोलीत झोपतो. पण त्याला गाव ‘कामाले गेला’ म्हणते आणि मला ‘जग पायते’ म्हणते.

एकदा चाचांनी मला विचारलं, ‘‘तू एका गावात किती दिवस रायतोस?’’ मी म्हटलं, आवडलं तर महिना, नाही तर आठ-दहा दिवस. त्यांनी मशीन थांबवलं. ‘‘मंग तू मुसाफिर हायेस. माह्या पुतण्या नाई.’’

त्यांनी मला जो नियम समजावला तो हनफी लोकांचा. अठ्ठेचाळीस मैल, म्हणजे साधारण ७७-७८ किलोमीटरच्या पुढं निघालेला माणूस मुसाफिर ठरतो. बाळापूरहून अकोल्याला गेला तर नाही, अमरावतीला गेला तर ठरतो. मुसाफिराला सवलत आहे. दुपारची, तिसऱ्या प्रहरची आणि रात्रीची चार रकातींची नमाज तो दोन रकातींत पुरी करतो. रमजानचे रोजे प्रवासात सोडता येतात. जकात कोणाला द्यावी याच्या यादीत वाटसरूही आहे, मग तो घरी श्रीमंत का असेना. पण एखाद्या गावात पंधरा दिवस किंवा जास्त राहायची नियत केली की त्या क्षणापासून तो मुकीम, म्हणजे त्या गावचा रहिवासी. सवलत संपली. शिक्का नाही, कागद नाही, फक्त मनातला इरादा. पुतण्यानं दोन वर्षांचा करार केला म्हणून विमानातून उतरून आपल्या कँपावर पोचला की चार रकाती पुऱ्या, दिवसभराच्या उन्हानंतरसुद्धा. आणि मी, जो बहुतेक आठ-दहा दिवसांनी गाव बदलतो आणि महिनाभर राहिलो तरी आधी ठरवून राहत नाही, तो मुसलमान असतो तर वर्षाचे बारा महिने चारच्या जागी दोनच रकाती पढलो असतो. तेही नियमाला धरून.

ही गोष्ट मला बरेच दिवस छळत राहिली. प्रवाशाला सवलत द्यावी हे सगळ्याच धर्मांना वाटलं. आपल्याकडं धर्मशाळा, सदावर्तं, काशीची अन्नछत्रं, व्रतवैकल्यांतली सूट. हे सगळं ज्यानं बांधलं, दिलं, त्याच्या मनात एक गृहीत होतं: प्रवास संपेल. रोजा सोडलास तर सोड, पण घरी गेल्यावर तेवढे रोजे भरून दे, असाच नियम आहे. पाहुणचार तीन दिवस, पुढं तो दानधर्म, असं पैगंबरांचं सांगणं चाचा सांगतात. आणि तिसऱ्या दिवशीही हलला नाही त्या पाहुण्याची अक्कल गेली, हे आमची माय सांगते. सवलत ही उधारी आहे. मग जो माणूस कायमच वाटेवर राहतो, तो ही उधारी कधी फेडतो?

धर्मांनी या माणसाचाही विचार केला होता, हे मला नंतर उमगलं. कायमचं भटकायचं तर भटक, पण मग सवलत नाही, उलट नियम वाढतील. थेरवादी भिक्खूला २२७ नियम. त्यातला एक तर माझ्यासारख्यावरच लिहिल्यासारखा आहे: सार्वजनिक अन्नछत्रात, आजारी नसलेल्या भिक्खूनं एकच वेळ जेवावं, त्याहून जास्त जेवला तर तो दोष. त्यामागची हकिकत विनय या भिक्खूंच्या नियमग्रंथात आहे. काही भिक्खू श्रावस्तीजवळच्या एका छत्रात जेवले, अन्न बरं होतं, भिक्षेची वणवण नको म्हणून तिथंच ठाण मांडून बसले, आणि लोक कुरकुरू लागले की हे छत्र काय एवढ्यांसाठीच काढलंय? वर्षावासाचीही कथा तशीच. पावसाळ्यात भिक्खू फिरतात, कोवळं गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांची तक्रार आली आणि बुद्धांनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायला सांगितलं. वऱ्हाडच्या काळ्या मातीत आषाढात पाऊल टाकून पाहिलेल्या माणसाला ही तक्रार लगेच कळेल. नियम आला तो तक्रार करणाऱ्या लोकांच्या बाजूनं. भटक्याच्या आत्म्याची उन्नती वगैरे मागाहून.

तर दोन वाटा होत्या. यात्रेकरूला सूट मोठी, मुदत छोटी. भिक्खूला मुदत आयुष्यभराची, पण सूट नाही. आम्ही लोकांनी, म्हणजे पाठीवर एक सॅक घेऊन आशियाभर स्वस्तात राहणाऱ्यांनी, यात्रेकरूची सूट घेतली आणि भिक्खूची मुदत. दोन्हीतलं सोयीचं उचललं.

बँकॉकमध्ये फाहुरात नावाचा कापडबाजार आहे, तिथं शिखांचा मोठा गुरुद्वारा. सकाळी लंगर असतो. हिंदुस्थानी प्रवाशांत ही बातमी कानोकानी पसरलेली असते: पोळी, डाळ, भाजी, कधी खीर, पैसे नाहीत. मी तिथं अनेकदा जेवलो. खिशात पैसे असताना जेवलो. लंगरात कुणी काही विचारत नाही, तीच लंगरची थोरवी. पण न विचारण्याचा एक परिणाम असा की हिशेब तुमचा तुम्हालाच ठेवावा लागतो. माझ्याबरोबर एक पुण्याचा मुलगा असायचा, तो म्हणे, ‘‘ते सगळ्यांसाठीच असतं, आपण गेलो नाही तर वाया जाईल.’’ वाया जाईल हे खोटं होतं. मागं भांडी घासायच्या हौदावर म्हाताऱ्या बायका रांगेत उभ्या असायच्या, स्टीलची ताटं एकीकडून दुसरीकडं सरकत जायची: खरकटं काढणं, साबण, पहिलं पाणी, दुसरं पाणी. मी त्या रांगेत उभा राहायला लागलो. पहिल्या पाण्यावर उभं राहिलं की हात बोटांपर्यंत सुरकुततात. त्यानं फिटलं असं मी म्हणत नाही. पण ताट कुठं जातं हे तरी कळलं.

लाओसमध्ये लुआंग प्रबांगला मी जास्त राहिलो. थायलंडच्या सीमेवरून, हुआय सायहून, मेकाँगमधून संथ नाव निघते; मध्ये पाकबेंगला रात्रीचा मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लुआंग प्रबांग. तिथं ज्या बाईंच्या गेस्ट हाऊसवर मी रात्री बसायचो, त्या पहाटे उठून चिकट भाताची वेताची टोपली घेऊन फूटपाथवर चटई टाकून गुडघ्यांवर बसत. भगव्या वस्त्रांतले भिक्खू अनवाणी एका रांगेत येत. बाई बोटांनी भाताचा सुपारीएवढा गोळा करून प्रत्येकाच्या पात्रात टाकत. बोलणं नाही, आभार नाहीत. पर्यटक लांबून फोटो काढत, काही अगदी तोंडाशी कॅमेरा नेत. मला जे दिसलं ते रांगेच्या शेवटी. तिथं गरिबांची पोरं प्लॅस्टिकच्या पिशव्या उघडून बसलेली असत, आणि लहान लहान श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, आपल्या पात्रातला भात काढून त्यांच्या पिशव्यांत टाकत पुढं जात. घेतलं आणि दोनशे पावलांत देऊन टाकलं. मी तिथं खाटेच्या बदल्यात बसत होतो, आणि त्या खाटेच्या बदल्यात गावातल्या कुणाची तरी रात्रपाळीची नोकरी माझ्याकडं आली होती. पर्यटक व्हिसावर असलं काम करणं बहुतेक देशांच्या कायद्यात काम म्हणूनच धरतात, मग त्याला स्वयंसेवा म्हणा की काही म्हणा. माझ्या मराठी मजकुराचे पैसे भारतातल्या बँकेत जमा होत, रस्ता मात्र लाओसचा वापरत होतो, दिवे लाओसचे, दवाखानाही. त्या देशाला मी करापोटी काय दिलं? व्हिसाची फी.

इथं कुणी म्हणेल की आपल्या संतांनीही कुठं कर भरला? त्यावर माझ्याकडं दोन माणसं आहेत, दोघांचाही जन्म १८७६ चा. एक गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी, एक आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा.

धर्मानंद १८९९ मध्ये बुद्धाचा धर्म शोधायला घरातून निघाले. मागं बायको आणि तान्ही मुलगी. पुणे, ग्वाल्हेर, काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळ, बोधगया, १९०२ मध्ये सिंहलद्वीप, मग ब्रह्मदेश. पैसा नव्हताच. ‘निवेदन’ या त्यांच्या आत्मकथनात हे सगळं आहे आणि मराठीत स्वस्त प्रवासाचं त्याहून कोरडं, फुशारकी न मारणारं पुस्तक मी वाचलेलं नाही. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. भिक्खूचं चीवर उतरवल्यावर कलकत्त्याला विद्यापीठात चांगल्या पगाराची जागा होती. ती सोडून ते सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेल्या महिना ५० रुपयांवर आले, कारण त्यांना मराठी मुलखात राहून मराठी माणसाला बौद्ध धर्म सांगायचा होता. पुढं हार्वर्डलाही गेले, लेनिनग्राडलाही. पण काशीच्या छत्रातलं अन्न त्यांनी मराठीत पुस्तकं लिहून परत केलं, असं मी समजतो. त्यांच्या घरच्यांचं काय, हा प्रश्न तरीही उरतोच. पुस्तकांनी तो मिटत नाही.

गाडगेबाबांनी १९०५ मध्ये घर सोडलं. हातात खराटा, मातीचं गाडगं. त्यांचा क्रम आमच्या मुलखात सगळ्यांना ठाऊक आहे: गावात शिरायचं, आधी रस्ता झाडायचा किंवा कुणाची लाकडं फोडायची, मग भाकर मागायची. आधी काम, मग तुकडा. आणि गाव ओळखू लागलं, पाया पडू लागलं, की निघायचं. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः तिथल्या गादीवर बसले नाहीत. मला वाटतं या माणसानं ते दोन नियम एकत्र जोडले. यात्रेकरूची सूट त्यानं दुसऱ्यांसाठी बांधून ठेवली आणि भिक्खूची शिस्त स्वतःला लावून घेतली. १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ, वाटेवरच गेले. सॅक घेऊन फिरणारी पोरं ‘कामाच्या बदल्यात राहणं’ ही नव्या जगाची युक्ती असल्यासारखं बोलतात तेव्हा मला हसू येतं. फरक एवढाच की बाबा खाटेचा सौदा आधी करत नव्हते.

असाच आणखी एक दाखला. औरंगाबादची, आताच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली आहे का? ती बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियाची, म्हणजे फकिरांच्या ठाण्याची. हे नक्शबंदी फकीर बुखाऱ्याकडून चालत दख्खनमध्ये आले, औरंगाबादेत थांबले आणि तिथंच १७१५ च्या सुमारास वारले. पुढं त्यांच्या गादीच्या काळात डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणून त्यावर जातं फिरवलं, फकिरांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना पीठ मिळावं म्हणून. नाव मुसाफिर राहिलं; दाणे दळले ते मागाहून येणाऱ्यांसाठी. चाचांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले, पण भटक्याही मागच्यांसाठी काही ठेवून जातो हा माझा मुद्दा त्यांनी मान्य केला नाही. ‘‘ते थांबले, म्हनून चक्की झाली. तू थांबतच नाईस.’’

मग मी त्यांना आडवा प्रश्न टाकला. समजा माणूस कुठंच पंधरा दिवस थांबत नाही, आयुष्यभर. त्याला जन्मभर सवलतच का? चाचा म्हणाले, विचारून सांगतो. शुक्रवारी मौलवींना विचारून आले. जे लोक तंबू घेऊन फिरतात, ढोरं घेऊन आज इथं उद्या तिथं, त्यांना मुसाफिराची सवलत नाही, असं उत्तर आलं. कारण फिरणं हेच त्यांचं घर आहे. तंबू लावला की ते घरीच. हनबली मंडळी तर बायकापोरांसकट नावेवरच राहणाऱ्या नावाड्यालाही सवलत देत नाहीत. घर सोबत असलेला माणूस वाटसरू कसा?

मी पुढच्या महिन्यात पुन्हा निघणार आहे. सॅक तीच, लॅपटॉप तोच. चाचांच्या हिशेबानं माझा तंबू कुठंही लागला तरी तो माझं घर धरला जाणार. ‘‘मंग तुले चारच्या चार पुऱ्या,’’ ते म्हणाले. मी म्हटलं, चाचा, मी तर नमाजच पढत नाही. ‘‘तुमच्यात जे काई असंन ते,’’ ते म्हणाले आणि सुईत दोरा ओवायला लागले. दोरा ओवता ओवता आठवलं तसं म्हणाले, ‘‘अन् हे पाय, पोरगा सुट्टीवर आला हाये. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी पास झाला, मार्कशीट आली. तो शिक्का निघून नवा पासपोर्ट भेटते म्हंतेत. तू जायच्या आधी तेवढा फॉर्म भरून दे. फोटो काढून ठेवले हायेत.’’